नशा सुटली, पण डोकं ठिकाणावर कधी येणार?

(बचत गटांच्या मैत्रिणींसाठी रेडिओवर झालेलं भाषण. ज्यांचं ऐकायचं राहिलं त्यांच्यासाठी, आणि गटाच्या बैठकीत वाचून दाखवता यावं म्हणून इथं छापत आहोत.)



आपल्या सातारा-सांगली भागात कितीतरी बाया सकाळी उठल्या की आधी मिश्री लावतात. का गं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "मिश्री लावल्याशिवाय डोकंच चालत नाही बघा. काही सुचत नाही." बाई खोटं बोलत नसते, तिला तसं खरंच वाटतं. पण जिनं जन्मात मिश्रीला हात लावला नाही, तिचं काय? तीही पहाटे उठते, चूल पेटवते, पोरांचे डबे भरते. तिचं डोकं कसं चालतं?

खरी गोष्ट अशी आहे. तंबाखूत निकोटिन असतं. रात्रभर ते मिळालं नाही की सकाळी तलफ येते, चिडचिड होते, सुस्ती येते. मिश्री लावली की तेवढी तलफ भागते आणि आपल्याला वाटतं, डोकं तरतरीत झालं. म्हणजे आधी मिश्रीनंच खड्डा पाडला, आणि मग तोच खड्डा बुजवून उपकार दाखवला.

एवढं ध्यानात ठेवलंत तर आजचा विषय सोपा जाईल. आज बोलायचंय एमडीबद्दल आणि तिच्यासारख्या उत्तेजक नशेबद्दल. ही नशा पोरांच्या लक्षावर, स्मरणावर आणि विचार करण्यावर काय परिणाम करते, नशा सोडल्यावरही डोकं लगेच का सावरत नाही, आणि त्या काळात घरानं काय करायचं, हे आपण बघू.

ही नशा आपल्या गावाजवळ आली कुठून?

एमडी म्हणजे मेफेड्रोन. काही ठिकाणी तिला 'म्याव म्याव' असंही म्हणतात. पांढरी पूड किंवा खडे असतात. ही कुठल्या झाडापासून निघत नाही, रसायनं मिसळून कारखान्यात बनते. फेब्रुवारी 2015 पासून आपल्या देशात अमली पदार्थांच्या कायद्याखाली तिच्यावर बंदी आहे.

पूर्वी आपण म्हणायचो, ही मुंबई-पुण्याची भानगड. आता तसं म्हणता येत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत एमडीचा कारखाना पकडला आणि त्याच तपासात सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये शंभर किलोहून जास्त माल सापडला. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावात छापा टाकला. तिथंही शंभर किलोच्या वर एमडी होती. जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळच्या एमआयडीसीत आणखी एक कारखाना उघडकीला आला. इरळी हे काही शहर नाही, आपल्या गावांसारखंच गाव आहे.

दुसरी एक गोष्ट तुमच्या कानावर आली असेल. तालमीत, जिममध्ये, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांत कुणीतरी इंजेक्शन घेऊन येतं. नाव मेफेंटरमाइन. ऑपरेशनच्या वेळी पेशंटचं ब्लडप्रेशर एकदम खाली गेलं तर ते वर आणायला भूल देणारे डॉक्टर हे औषध देतात. पोरं ते दम वाढावा, जास्त व्यायाम व्हावा म्हणून टोचून घेतात. हेही उत्तेजकच. त्यानं छाती धडधडते, ब्लडप्रेशर चढतं, सवय लागते. आणि एकच सुई चौघांनी वापरली तर एचआयव्ही आणि काविळीचा धोका वेगळाच.

"यानं झोप येत नाही, काम होतं"

दारू पाजताना कुणी सांगत नाही की यानं तुझा अभ्यास चांगला होईल. उत्तेजक नशेची गोष्ट वेगळी आहे. ती विकणारा सांगतो, "घे, झोप येणार नाही. रात्रभर गाडी चालवशील. डबल पाळी मारशील. पेपरला लक्ष लागेल." म्हणून कष्टाळू, काहीतरी करून दाखवायची इच्छा असलेलं पोरगंही यात सापडतं.

ही थाप जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानमध्ये सैनिकांना आणि कारखान्यातल्या कामगारांना जागं ठेवायला मेथ नावाच्या उत्तेजकाच्या गोळ्या दिल्या जायच्या. 'हिरोपोन' हे तिचं बाजारातलं नाव. युद्ध संपलं, उरलेला माल बाजारात आला आणि इतक्या लोकांना सवय लागली की 1951 साली जपान सरकारला खास कायदा करावा लागला. मेथ आणि एमडी ही एकाच खानदानातली भावंडं.

पहिल्या एक-दोन वेळा पोराला खरंच हुशारी वाटते. बोलणं वाढतं, भूक-झोप पळते. पण एमडीचा जोर दोन-तीन तासांत उतरतो. उतरला की अंग गळून जातं, मन खचतं. मग ते घालवायला पुन्हा पूड. मिश्रीचा खड्डा वाटीएवढा असेल, तर हा विहिरीएवढा.

मेंदूत काय होतं? क्षारपड जमिनीची गोष्ट

आपल्या मेंदूत डोपामाइन नावाचं एक रसायन असतं. भूक लागल्यावर गरम भाकरी मिळाली, लेकरू हसलं, कामाचे पैसे हातात आले, की ते थोडंसं सुटतं. त्यानं बरं वाटतं, आणि 'हे महत्त्वाचं आहे, इकडं लक्ष दे' असा निरोपही मेंदूला मिळतो. म्हणजे लक्ष लागण्याशी त्याचा थेट संबंध आहे. काम झालं की मेंदू ते परत शोषून घेतो. पाटाचं पाणी मोजून सोडावं आणि वेळेत बंद करावं, तसं.

एमडी आणि तिची भावंडं काय करतात? बारे एकदम उघडतात आणि पाणी परत जायची वाटही अडवतात. सगळं रान तुंबतं.

आता कृष्णाकाठच्या बायांना मी वेगळं सांगायला नको. मिरज, वाळवा या भागात उसाला वर्षानुवर्षं पाटानं वारेमाप पाणी दिलं, निचरा झाला नाही, खालचे क्षार वर आले आणि चांगली काळी जमीन क्षारपड झाली. मग त्याच जमिनीत बी टाकलं तरी उगवत नाही. मेंदूचंही असंच होतं. पुन्हा पुन्हा पूर आला की मेंदू स्वतःला वाचवायला डोपामाइनचा निरोप घेणारी दारं कमी करतो. मग भाकरी, लेकरू, सण, पगार, कशानंच काही वाटत नाही. 'कशातच लक्ष लागत नाही' हे वाक्य तिथून येतं.

आणि पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. आज पाणी बंद केलं म्हणून उद्या क्षारपड जमीन पिकत नाही. चर काढावे लागतात, निचरा करावा लागतो, हंगाम जाऊ द्यावे लागतात. पण जमीन सुधारते, हेही आपण बघितलंय.

लक्ष म्हणजे एक गोष्ट नाही

आपण पोराला म्हणतो, "तुझं लक्ष कुठं असतं रे?" पण लक्षाची कामं निरनिराळी असतात. दीर्घकाळ उत्तेजक नशा केलेल्या माणसांत ती कुठं अडतात, ते बघू.

पहिलं काम, लक्ष टिकवणं. दूध गॅसवर ठेवलं आणि उतू जाईपर्यंत तिथं उभं राहिलात, हे लक्ष टिकवणं. नशेत अडकलेला पोरगा पाच मिनिटांत दुसरीकडं जातो आणि दूध ठेवल्याचं त्याला आठवतही नाही.

दुसरं, नको ते बाजूला सारणं. घरात टीव्ही मोठ्यानं चालू असतो, तरी पाळण्यातल्या बाळाचा आवाज आईला ऐकू येतो. बाकीचा गोंगाट ती बाजूला सारते. याच्या उलट, या पोरांना प्रत्येक आवाज, प्रत्येक मेसेज ओढून नेतो.

तिसरं, डोक्यात धरून ठेवणं. द्राक्षबागेत फवारणी करताना शंभर लिटर पाण्याला किती औषध, किती टाक्या झाल्या, किती राहिल्या, हे तुम्ही डोक्यात धरून काम करता. ही धरून ठेवायची जागा कमकुवत झाली की तीन कामं सांगितली तर एक होतं, दोन गळतात.

चौथं, हात आवरणं. जिभेवर आलेलं गिळणं, दिसलेली वस्तू लगेच न घेणं. आजचे शंभर सोडून महिन्यानंतरचे हजार निवडायला हेच लागतं. बचत गट चालतो तो याच ताकदीवर. नशेत हीच ताकद आधी जाते. म्हणून घरातला पैसा, मोबाईल, दागिना समोर दिसला की हात थांबत नाही.

एक खेळ खेळून बघा. गटातली एकजण 'दिवस' म्हणेल तेव्हा बाकीच्यांनी 'रात्र' म्हणायचं, आणि ती 'रात्र' म्हणाली की 'दिवस' म्हणायचं. हळू सुरू करा, मग वेग वाढवा. चुकाल आणि हसालही. तोंडात आलेला शब्द अडवून दुसरा काढायला मेंदूला किती जोर लावावा लागतो, ते कळेल. अशाच प्रकारच्या चाचण्या घेऊन तज्ज्ञांनी बघितलं, तेव्हा मेथचं व्यसन असलेले लोक त्यात मागं पडलेले आढळले. अर्थात हा खेळ समजून घेण्यासाठी आहे. यावरून कुणाला नशाबाज ठरवायचं नाही.

आणि लक्ष लागत नाही म्हणजे नशाच, असंही नाही. झोप कमी, अंगात रक्त कमी, थायरॉईड, मनाची उदासी, यांनीही तसं होतं. काही लहान मुलांना जन्मापासूनच लक्षाचा त्रास असतो आणि डॉक्टर त्यांना मोजून उत्तेजक गटातलं औषध देतात. त्याचा फायदा होतो. हे भाषण ऐकून ते औषध परस्पर बंद करू नका.

सोडल्यावर किती दिवस?

बहुतेक घरं इथंच फसतात. पोरगा नशा सोडतो. पहिले काही दिवस नुसता झोपतो, खातो, चिडतो, रडवेला होतो. हा उतार आहे. या दिवसांत मन फार खाली जातं, जीव द्यायचे विचार येऊ शकतात. त्याला एकटं सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवा.

दोन-तीन आठवड्यांत अंगावर जरा मांस येतं, चेहरा सुधारतो. मग घर म्हणतं, आता झाला चांगला. लागा कामाला. आणि पोरगा सांगितलेलं विसरतो, काम अर्धं टाकतो, हिशोब चुकवतो. बाप म्हणतो, "मुद्दाम करतोय. आळशी झालाय." पोरालाही वाटतं, आपण आता कशालाच लायक नाही. मग एखाद्या संध्याकाळी जुना मित्र भेटतो.

बाहेरून दिसणारं शरीर लवकर सावरतं, मेंदूला जास्त वेळ लागतो. 2001 साली अमेरिकेत नोरा वोल्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेथ सोडलेल्या मोजक्या लोकांच्या मेंदूची तपासणी केली. सोडल्यानंतर पहिल्या सहा महिन्यांच्या आत एकदा, आणि बारा ते सतरा महिने दूर राहिल्यावर पुन्हा. डोपामाइन परत शोषून घेणारी यंत्रणा बरीच भरून आली होती. पण स्मरणाच्या आणि चपळाईच्या चाचण्यांत सुधारणा तितकी झाली नव्हती. म्हणजे जमीन सुधारायला लागली होती, पीक अजून यायचं होतं.

म्हणून घरानं हिशोब महिन्यांचा आणि वर्षाचा करायचा. विसरणं ही त्या काळात दुखण्याची खूण असू शकते. प्लॅस्टर काढल्या दिवशी आपण कुणाला ऊस तोडायला पाठवत नाही. तसंच हे.

मग घरानं काय करायचं?

एका वेळी एकच काम सांगा. ते झालं की दुसरं. कामं कागदावर लिहून भिंतीला लावा, वाचता येत नसेल तर चित्र काढा. मोबाईलमध्ये गजर लावा. उठायची, जेवायची, झोपायची वेळ रोज तीच ठेवा. झोप ही इथं औषधासारखी आहे.

पहिले काही महिने कडबा कुट्टीचं यंत्र, ट्रॅक्टर, फवारणीचं औषध कालवणं, रात्रीची गाडी, ही कामं त्याला देऊ नका. लक्ष चुकलं तर हात जाईल, जीव जाईल. शेण काढणं, झाडांना पाणी देणं, हळद निवडणं अशा कामांनी सुरुवात करा.

रोख पैसे हातात देऊ नका. पण टोमणेही मारू नका. उत्तेजक नशेवर गोळी घेतली आणि सुटली असं खात्रीचं औषध नाही. जगभर सगळ्यात जास्त उपयोगी ठरलेली पद्धत साधी आहे. आठवडा नशेविना गेला, तपासणी चांगली आली, की लगेच छोटं बक्षीस. आवडीचं जेवण, नवा शर्ट, मोबाईलचा रिचार्ज. 'वर्षभर नीट वाग, मग मोटारसायकल घेऊ' हे त्याच्या मेंदूला अजून पेलत नाही. आजचं आज दिसलं पाहिजे.

आणि एक कळकळीची विनंती. "लग्न करून दिलं की सुधारेल" हे कृपा करून करू नका. ज्याचा स्वतःचा निर्णय अजून धड होत नाही, त्याच्या हातात दुसऱ्याची लेक देऊ नका. जमीन विकणं, कर्ज काढणं हेही त्या वर्षात नको.

पुन्हा एकदा घेतली तर सगळं संपलं असं नाही. लगेच समुपदेशकाकडं जा.

संशय आला तर देवऋषी नको

जास्त दिवस उत्तेजक घेतलं की काहींना भास होतात. "कुणीतरी माझ्या मागावर आहे", "तुम्ही माझ्या जेवणात काहीतरी घातलंय", कानात आवाज येतात. घर म्हणतं, बाहेरचं झालंय, कुणी करणी केलीय. मैत्रिणींनो, हा मेंदूचा आजार आहे, आणि वेळेत मानसोपचार तज्ज्ञाकडं नेलं तर उपचार होतो. वाद घालू नका, आवाज चढवू नका, विळे-कोयते लांब ठेवा. छातीत दुखलं, अंग फार तापलं, झटका आला तर 108 ला फोन करा. मारहाण होत असेल तर 112 किंवा महिलांसाठीचा 181 हा नंबर लावा. आजारी आहे म्हणून बायकोनं मार खायचा, असं कुठंही लिहिलेलं नाही.

मदत कुठं मिळते?

1980 च्या दशकात मुंबई-पुण्यात 'गर्द'नं थैमान घातलं होतं, तेव्हा डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. आपल्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. घरबसल्या विचारायचं असेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी 14416. गावात माल विकला जात असेल तर 1933 वर कळवता येतं.

केंद्र निवडताना तीन गोष्टी विचारा. नोंदणी आहे का? मानसोपचार तज्ज्ञ येतात का? घरच्यांना भेटू देतात का? जिथं साखळीनं बांधतात किंवा मारतात, तिथं ठेवू नका. मनाचा आजार असलेल्या माणसाला साखळदंडानं बांधायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनाई केली आहे.

"पोलीस पकडतील" या भीतीनं कितीतरी आया गप्प बसतात. अमली पदार्थांच्या कायद्यातच कलम 64-अ आहे. ज्याच्यावर फक्त सेवनाचा किंवा अगदी थोड्या मालाचा आरोप आहे, तो व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. विकणाऱ्याला ही सवलत नाही.

पुढच्या बैठकीत

गटानं तीन कामं करावीत. दिवस-रात्रीचा खेळ खेळा आणि लक्षाच्या चार कामांबद्दल बोला. हे सगळे नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि एखादी मैत्रीण अचानक मोठं कर्ज मागू लागली, कारण विचारलं की नजर चुकवू लागली, तर चारचौघीत तिला विचारू नका. बैठक उठल्यावर एकीनं तिच्याबरोबर घरापर्यंत चालत जा. ती बोलेल. बोलली तर ऐकून घ्या, गावभर करू नका. दुसऱ्या दिवशी 14446 ला फोन लावताना तिच्या शेजारी बसा.